आबांची जीप आणि चार वाटेकरी



आपल्या या अंकात नेहमी उसाच्या जाती, खोडव्याची निगा, ठिबक, गाळपाचे आकडे आणि हप्त्याच्या तारखा असतात. त्या असायलाच पाहिजेत. या खेपेस मात्र आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे. वाडवडिलांनी मागे ठेवलेली जुनी मोटार, तिचे करावयाचे काय?

विषय हौसेचा वाटेल, पण तो आपल्या दाराशीच उभा आहे. मुखेडहून जांबकडे जा, बाऱ्हाळीकडे जा, नाहीतर मुक्रमाबादकडे जा. कुठल्या ना कुठल्या आखाड्यावर, कडब्याच्या गंजीमागे, पत्र्याखाली एखादी जीप, अँबॅसिडर किंवा फियाट दिसतेच. चाकं जमिनीत रुतलेली, बोनेटवर कोंबड्या, सीटमध्ये उंदरांचं बिऱ्हाड. ती चालत नाही आणि विकवतही नाही. वाटणीची गोष्ट निघाली की तिचं नाव हमखास निघतं. जमिनीचे गुंठे पाडता येतात, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावता येतात. जीपचे तुकडे पाडता येत नाहीत. पाडले तर ते भंगारच.

आमच्याही आखाड्यावर अशी एक जीप वीस वर्षांहून अधिक काळ उभी होती. २०२४ आणि २०२५ अशा दोन बंद हंगामांत घरच्या सगळ्यांनी मिळून ती चालती केली. त्या कामात जे कळलं ते इतर सभासदांच्या उपयोगी पडावं म्हणून हा लेखनप्रपंच.

ही वाहनं आपल्याकडे आली कशी

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपला मुलूख हैदराबाद संस्थानात होता. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली रस्ते वाहतूक खातं काढलं तेव्हा साऱ्या संस्थानासाठी त्याच्याकडे २७ बसगाड्या होत्या. यावरून खेड्यातल्या माणसाला मोटार किती लांबची गोष्ट होती हे ध्यानात यावं. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्याचे चार महिने बैलगाडीसुद्धा आसापर्यंत रुतायची, तिथं मोटारीचं काय घेऊन बसता?

हे बदललं ते जीपमुळे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. लढाई संपल्यावर त्यांतल्या पुष्कळ आपल्या देशात राहिल्या व लिलावात विकल्या गेल्या. १९४५ साली मुंबईत सुरू झालेल्या महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतच माझगावला विलीजच्या जीपची जुळणी हाती घेतली. चारही चाकांना ओढ असलेली ही गाडी चिखलातून निघते म्हटल्यावर आधी सरकारी खात्यांत, मग सोसायट्या व कारखान्यांकडे आणि शेवटी मोठ्या बागायतदारांकडे ती आली.

मोटार आणि साखर यांचं नातं तर याहून जवळचं आहे. कुर्ल्याच्या ज्या प्रीमियर कारखान्यातून पुढे फियाट आणि ‘पद्मिनी’ निघाली, तो सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभा केला. त्याच वालचंदांनी रावळगावला आणि वालचंदनगरला साखर कारखाने काढले. एकाच माणसाने ऊसही गाळला आणि मोटारही बांधली. मुंबईच्या रस्त्यावर टॅक्सी म्हणून धावणारी शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. पुढाऱ्यांची व चेअरमन मंडळींची लाडकी अँबॅसिडर बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५७ पासून निघत होती, ती २०१४ साली थांबली. सांगावयाचे तात्पर्य, आखाड्यावर उभी असलेली गाडी आता नवी मिळणार नाही. जी आहे तेवढीच आहे.

वाटणीची बैठक

आमची जीप उंच बोनेटची, जिला सी.जे.-थ्री-बी म्हणतात ती. नोंदणी १९६८ ची. एका सरकारी लिलावात आबांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, ती १९७४ साली घेतली. त्या जीपने पाण्याची मोटार दुरुस्तीला नेली, खताची पोती आणली, बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या, लग्नाची वऱ्हाडं वाहिली. १९९१ साली आबा वारले. मग वडिलांनी ती चालवली. २००३ साली वडील गेले आणि जीप उभी राहिली ती राहिलीच.

आबांना दोन मुलं, दोन मुली. म्हणजे चार शाखा झाल्या. आमच्या वडिलांच्या मागे आई आणि आम्ही भावंडं, लातूरचे काका, उदगीरची थोरली आत्या आणि देगलूरची धाकटी आत्या. आर. सी. बुकावर नाव अजून आबांचंच. २०२४ च्या पाडव्याला सगळे जमले तेव्हा विषय निघाला.

काकांचं म्हणणं सरळ होतं. “भंगारवाला किलोवर घ्यायला तयार आहे. त्या पैशात ठिबकचा निम्मा खर्च तर निघतोय. जीपला काय शेंगा लागणार हैत का?”

हे बोलणं चूक नव्हतं. उसाच्या पैशावर घर चालवणाऱ्या माणसाने असाच विचार करायला पाहिजे. आमच्या धाकट्या भावाचं म्हणणं, गाडी दुरुस्त करून आम्हीच ठेवतो. त्यावर थोरल्या आत्याने त्याला थांबवलं. “तुम्ही ठेवता म्हणजे कोण? बापाची जीप हाये ती. अन् आम्हाला निस्तं सहीपुरतं बोलावू नका. वर्गणीत धरा, अन् हिशेबाची वही आम्हाला पण दाखवा.”

बैठक जवळजवळ मोडायला आली होती. ती सावरली आईने. ती म्हणाली, कारखान्याचा शेअर घेताना आबांनी काय केलं होतं? ज्याची जेवढी ऐपत त्याने तेवढं घातलं आणि मत मात्र प्रत्येकाला एकच राहिलं. जीपचं तसंच करा.

मग ठरलं ते असं. चार शाखांचे चार समान भाग. ज्याला रोख जमेल त्याने रोख, ज्याला नाही त्याने अंगमेहनत, आणि मेहनतीचीही दिवसाच्या मजुरीने वहीत नोंद. पीककर्जाचा एक रुपयाही या कामात घालायचा नाही. दिवाळीच्या हप्त्यातून घरखर्च भागल्यावर उरेल त्यातलंच घ्यायचं. खर्च ठरलेल्या आकड्याच्या वर जाऊ लागला तर काम थांबवून पुन्हा बसायचं. आणि हिशेबाची वही काकांकडे! ज्याचा खर्चाला विरोध, त्याच्याच हाती तिजोरी दिली म्हणजे कुणाला शंका घ्यायला जागा राहत नाही.

जुनी गाडी जगते कशी

काम सुरू करण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागला. गाडी नवीसारखी करायची, की आबांच्या वेळेसारखी? या बाबतीत दोन उदाहरणं आम्हाला उपयोगी पडली.

पहिलं कोल्हापूरचं. राजाराम महाराजांच्या काळातली जर्मन बनावटीची मेबॅक मोटार तिथल्या राजघराण्याने अजून चालती ठेवली आहे. दसऱ्याला महाराज त्या मोटारीतून दसरा चौकात सीमोल्लंघनाला येतात आणि ती बघायला लोक मुद्दाम थांबतात. आता राजघराण्याची गोष्ट आपल्याला कशी लागू, असं कुणी म्हणेल. पण त्यातला मुद्दा गरिबाच्या गाडीलाही लागू आहे. वर्षाकाठी एक दिवस जरी ठरलेला असला, तरी त्या दिवसासाठी गाडी तयार ठेवावी लागते. तेल बदलावं लागतं, बॅटरी बघावी लागते. नुसती जपून ठेवलेली गाडी सडते. कामाला लावलेली टिकते.

दुसरं उदाहरण कलकत्त्याचं. १९४१ च्या जानेवारीत १६-१७ तारखेच्या रात्री नेताजी सुभाषचंद्र बोस इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटले, ते घरच्या वाँडरर मोटारीतून. गाडी चालवत होते त्यांचे पुतणे शिशिरकुमार बोस. त्यांनी काकांना गोमोह स्टेशनपर्यंत पोचवलं. ती मोटार बोस कुटुंबाने विकली नाही. नेताजी भवनात ती जपली आणि २०१७ च्या जानेवारीत, दुरुस्त होऊन चालती झालेली तीच गाडी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते लोकांसमोर आली. तिथं झगमगाटाला किंमत नव्हती. गाडी त्या रात्री जशी होती तशी दिसणं महत्त्वाचं होतं.

आमच्या जीपला रंगाचे तीन थर निघाले. वर वडिलांनी दिलेला निळा, त्याखाली आबांचा हिरवा, सगळ्यात खाली सरकारी करडा. कुणाला मूळचा करडा हवा होता. धाकटी आत्या म्हणाली, सरकारने आपल्याला काय दिलंय की सरकारचा रंग ठेवायचा? हिरवाच द्या. मागे आबांनी पाण्याची मोटार ओढायला एक जाड हूक वेल्डिंग करून घेतला होता. तोही तसाच ठेवायचं ठरलं.

कारखान्याची रीत घरच्या कामाला

गाळप संपल्यावर आपल्या कारखान्यात काय चालतं हे पुष्कळ सभासदांनी पाहिलं आहे. मिलचे रोलर उतरतात, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात, पंप, मोटारी, बेअरिंगं खोलली जातात. प्रत्येक नगाला खूण, प्रत्येक कामाला एक जबाबदार माणूस आणि शेवटी चाचणी. दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचं अग्निप्रदीपन होईस्तोवर सगळं जाग्यावर. एवढं अवाढव्य धूड दरसाल खोलून जोडता येतं, तर एक जीप का येऊ नये? आम्ही तीच रीत धरली.

खोलण्याआधी पुतणीने मोबाइलवर प्रत्येक भागाचे फोटो काढले. वायर कुठून कुठे जाते, वॉशर कोणत्या बाजूला आहे, स्प्रिंगची पट्टी कशी बसली आहे, सगळं. नट-बोल्ट दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत भरून वर चिठ्ठी लावली. ही खबरदारी घेतली नाही तर खोलणाऱ्याला चार दिवस आणि जोडणाऱ्याला चार महिने लागतात, असं आमच्या मिस्त्रीचं म्हणणं आहे.

या मिस्त्रीबद्दलही सांगायला हवं. जीपची जुनी इंजिनं हाताळलेली माणसं आता तालुक्यात बोटावर मोजण्याइतकी राहिली आहेत आणि तीही साठी-सत्तरीच्या पुढची. आजच्या पोरांना संगणक लावून गाडीचा दोष काढता येतो. कार्बोरेटरचा आवाज ऐकून दोष सांगणारे गेले की ती विद्या गेली. म्हणून आम्ही मिस्त्रीला गाडी नेऊन दिली नाही, मिस्त्रीला आखाड्यावर आणलं आणि घरची दोन पोरं त्याच्या हाताखाली दिली. गाडी उशिरा झाली तर होऊ दे, पण पोरं शिकली पाहिजेत.

काम कोणत्या क्रमाने करावं

ज्यांना हे काम करायचं आहे त्यांच्यासाठी आम्ही क्रम देतो. हौशी माणूस रंगापासून सुरुवात करतो आणि पैसे संपतात तेव्हा गाडीला ब्रेक नसतो. तसं करू नये.

पहिली गोष्ट, फार दिवस उभी असलेली गाडी लगेच बॅटरी लावून सुरू करायला जाऊ नये, आणि ढकलून तर मुळीच नाही. सिलिंडरमध्ये गंज धरलेला असतो. जोर लावला तर पिस्टनच्या रिंगा मोडतात. आम्ही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल आणि डिझेल सोडलं, चार दिवस तसंच ठेवलं आणि मग पुढच्या हँडलने हळूहळू इंजिन फिरवून पाहिलं. पाचव्या दिवशी ते हललं. त्या दिवशी काकांनी वहीत पहिल्यांदा स्वतःच्या नावावर पैसे मांडले.

दुसरी गोष्ट चेसिसची. चेसिस म्हणजे गाडीचा कणा. हातोडीने ठोकत जावं. खणखणीत वाजलं तर लोखंड शाबूत, भद्द वाजलं तर आतून खाल्लेलं. चेसिस जागोजाग गेलेली असेल तर मोह सोडावा. अशा गाडीवर घातलेला पैसा परत दिसत नाही. आणि चेसिस नंबर व इंजिन नंबर आर. सी. बुकाशी जुळतात का, हे पैसा घालण्याआधी बघावं.

तिसरी गोष्ट ब्रेक आणि स्टिअरिंग. उभ्या गाडीच्या ब्रेक ऑइलमध्ये हवेतलं पाणी मुरतं आणि चाकातले सिलिंडर गंजून अडकतात. रबरी वॉशर, नळ्या, ऑइल सगळं नवं घालावं, यात काटकसर नको. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतो. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. ती छातीत गेलेली वाईट. टायरवर नक्षी दिसते म्हणून टायर चांगला असं नव्हे. रबर जुनं झालं की भेगा पडतात आणि टायर फुटतो. चारही टायर थोरल्या आत्याने घेतले, तिच्या भागात.

चौथी गोष्ट पेट्रोलची टाकी. या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. वीस वर्षांत आतलं पेट्रोल डिंकासारखं झालं होतं. टाकी बाहेर काढली, आत बारीक खडी आणि पाणी घालून हलवली आणि चार वेळा धुतली. टाकी गळते म्हणून तिला तशीच वेल्डिंग लावू नये. रिकाम्या टाकीत वाफ कोंडलेली असते आणि ती भरल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, हेही इथंच सांगतो. खाली लाकडाचे ठोकळे पाहिजेतच.

पाचवं इंजिन. या जीपचं इंजिन चार सिलिंडरचं, सुमारे २२०० सी.सी.चं. आत येणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये, अशी त्याची रचना आहे. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि ते झाकायला बोनेटही उंच करावं लागलं. म्हणूनच ही जीप लांबून ओळखू येते. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव भडकले तेव्हा पुष्कळांनी जीपचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं. पुढे महिंद्रने स्वतःही डिझेल जीप काढल्या. आमच्या आबांनी मात्र मूळचं इंजिनच ठेवलं होतं. त्याला नव्या रिंगा, बेअरिंगं आणि व्हॉल्व्हची घासणी एवढ्यावर भागलं. जे सामान नांदेडला मिळालं नाही ते सिकंदराबादच्या राणीगंज बाजारात धुंडाळलं.

रंग, सीट आणि हूड हे सगळ्यात शेवटी. पत्रा थोरल्या आत्याच्या मुलाने जोडला, लांबी भरून घासायचं काम लेकरांनी केलं. ताडपत्रीचा हूड आईने आणि धाकट्या आत्याने मिळून शिवला. वायरिंग पुतणीने केलं. ती डिप्लोमाला आहे. जुनी वायर उंदरांनी कुरतडलेली होती, ती सगळी फेकून तिने कागदावर नकाशा काढला आणि नवी ओढली.

आपलंच इथेनॉल आणि आबांचं कार्बोरेटर

आता एक बाब अशी, जी ऊस उत्पादकांनी जास्त लक्षपूर्वक वाचावी. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. २०२२ च्या जूनमध्ये देशात ते सरासरी १० टक्क्यांवर पोचलं आणि २०२५ साली २० टक्क्यांवर. हे इथेनॉल उसापासून आणि धान्यापासून तयार होतं आणि त्यातून साखर कारखान्यांना पैसा मिळतो. आपल्या हिताचंच आहे ते. पण १९६८ सालची जीप बांधताना या मिश्रणाचा विचार कुणी केलेला नव्हता.

अडचणी तीन आहेत. इथेनॉल जुन्या रबराला आणि बुचाच्या वॉशरला खातं. पाइप फुगतात, मऊ पडतात, गळतात. दुसरं म्हणजे इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी दोन-तीन महिने उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल खाली बसतं आणि टाकीला गंज चढतो. तिसरं, एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ताकद कमी असते, म्हणून जुन्या कार्बोरेटरला मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं.

यावर उपाय आहे. पेट्रोलचे सगळे पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालावे. टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नये. लागेल तेवढंच भरावं आणि दर पंधरा दिवसांनी गाडी अर्धा तास चालवावी. कार्बोरेटरचं जेट जाणत्या मिस्त्रीकडून जुळवून घ्यावं. आमच्या काकांचा यावर शेरा असा, “ऊस आपण लावायचा अन् जीपने फुगायचं!” पण पाइप बदलायच्या खर्चावर सही त्यांनीच केली.

कागदाशिवाय गाडी म्हणजे लोखंड

गाडी चालती होणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं कागदाचं आहे आणि बहुतेक घरी ते तसंच राहून जातं.

मालक वारल्यावर ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी अर्ज द्यायचा, असा नियम आहे. मृत्यूचा दाखला, वारसांचा पुरावा आणि इतर वारसांची संमती लागते. मुलीही वारस आहेत, त्यांची संमती लागते, हे विसरून चालणार नाही. आमच्याकडे दोन पिढ्यांचं राहिलेलं काम एकदम करावं लागलं. त्यासाठी चारही शाखांच्या सह्या एका कागदावर आल्या. कित्येक वर्षांत जमिनीच्या कागदावर त्या तशा आल्या नव्हत्या.

खाजगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी नमुना २५ भरून, गाडी तपासून घेऊन ती वाढवावी लागते. १५ वर्षांवरच्या गाडीला आपल्या राज्यात पर्यावरण कर आहे. मुदत टळली असेल तर विलंबाचा आकार वेगळा. शिवाय विमा, पी.यू.सी. आणि नवी सुरक्षा नंबर प्लेट. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आर. सी. बुकावर पाहिजेच.

५० वर्षांवरच्या गाडीला आणखी एक वाट आहे. केंद्र सरकारने २०२१ साली ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी वेगळे नियम केले. त्यात नंबरमध्ये व्ही.ए. ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये फी ठरवली. पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला ती मुभा नाही.

आमच्या जीपला ही वाट मोकळी होती. परंतु आत्यांना आणायला उदगीर-देगलूरला जाता यावं असं सगळ्यांचं मत पडलं, म्हणून आम्ही साध्या नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज केला आहे. तपासणी व्हायची आहे. ती होईपर्यंत जीप आखाड्याच्या बाहेर काढायची नाही असा ठराव आहे आणि तो लेकरांनाही लागू आहे.

हिशेब

वहीचा एकूण आकडा आम्ही इथं देत नाही, कारण प्रत्येक गाडीचं दुखणं निराळं आणि दुसऱ्याच्या आकड्यावर आपला बेत करू नये. एवढं सांगतो की खर्च भंगाराच्या किमतीपेक्षा पुष्कळ जास्त झाला. नफा-तोट्याच्या नजरेने काकांचंच बरोबर होतं, आणि ज्यांच्या घरी लग्न, आजारपण किंवा कर्ज डोक्यावर आहे त्यांनी या वाटेला न जाणंच शहाणपणाचं.

पण वहीच्या शेवटच्या पानावर चार शाखांचे चार भाग बरोबर जुळले, एकाचाही कमी नाही. मेहनतीचे दिवसही मांडलेले आहेत. त्यांत आईचे आणि आत्यांचे हूड शिवण्याचे दिवस आहेत, पुतणीचे वायरिंगचे आहेत. २०२५ च्या खंडेनवमीला जीपची पूजा झाली तेव्हा नारळ कुणी फोडायचा यावरून वाद झाला नाही. काकांनी वही वाचून दाखवली, सगळ्यांनी ऐकून सह्या केल्या आणि मग नारळ फुटला. त्याच बैठकीत विहिरीच्या पाळ्यांचा सहा वर्षांचा तंटाही निघाला. तो अजून मिटलेला नाही, पण त्यासाठी काकांनी नवी वही आणली आहे.

ज्या सभासदांच्या आखाड्यावर अशी गाडी उभी असेल, त्यांनी येत्या बंद हंगामात आधी तिचं आर. सी. बुक शोधावं, मग सगळ्या वारसांना एका ओसरीवर बोलवावं. पाना-पक्कड त्यानंतर.